चौथ्या झोपेतल्या अळ्या

१

सोमवारी सकाळी सात वाजता गुणाबाईनं शेडचं कुलूप काढलं आणि ती दारातच थांबली. चाळीस ट्रेमध्ये मिळून चार हजार रेशमाच्या अळ्या होत्या. त्यातली एकही जिवंत नव्हती.

बेळगुंदीच्या पुढे काजूच्या झाडांमागे हे रेशीम संशोधन केंद्र होतं. एक लांब शेड, मागे जाळीचं घर आणि दोन एकर तुती, एवढाच त्याचा पसारा. शेडमध्ये तुतीचा पाला खाणाऱ्या पाळीव अळ्या असत. जाळीच्या घरात खानापूरच्या रानातून आणलेल्या तसरच्या रानटी अळ्या ऐनाच्या फांद्यांवर वाढत. अळीची वाढ कोणती जनुकं थांबवतात आणि कोणती पुढे ढकलतात, हे शोधून रानटी आणि पाळीव अळ्यांत ती ताडून पाहायची, हे इथलं काम. डॉक्टर निशा मगदूम गेली पाच वर्षं ते करत होत्या. बुधवारी बेंगळुरूचे तपासनीस येऊन त्यांच्या जड कोष देणाऱ्या प्रसिद्ध ‘सात नंबर’ वाणाच्या जिवंत अळ्या घेऊन जाणार होते. आता न्यायला काहीच उरलं नव्हतं.

मंगळवारी व्यवस्थापक मारुतीरावांनी सुकुमार गुरुजींना बोलावून घेतलं. गुरुजींनी निपाणीच्या शाळेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते बेळगावात मुलीकडे राहत आणि केंद्राच्या स्थानिक समितीवर होते. शाळांची मुलं आणून त्यांना अळ्या दाखवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं.

“फक्त सही हवीय, गुरुजी,” मारुतीराव म्हणाले. “अहवाल तयार आहे. वरून सारखा फोन येतोय.”

गुरुजींनी अहवाल वाचला. पाला तोडणारी गुणाबाई मिसरी लावते, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या काळ्या पुडीनं दात घासते. तंबाखू लागलेलं पान खाल्लं की रेशमाची अळी मरते. सोमवारी सकाळी टोपलीतल्या पानांचा नमुना डॉक्टर निशांनी घेतला आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यात तंबाखूचं विष सापडलं. तरी गुणाबाईला कामावरून काढून तिच्यावर पोलिसांत तक्रार द्यावी.

“पोलिसांत?”

“सरकारी काम बुडालंय. कुणाचं तरी नाव घालायला पाहिजेच की.”

“आधी अळ्या बघतो.”

“मेलेल्या अळ्यांत काय बघायचंय?”

शेडला सील होतं. मारुतीरावांनी कुरकुरत ते काढलं. गुरुजींनी चष्मा पुसला आणि एका ट्रेमधली अळी चिमटीत उचलली. ती मेणासारखी फिकट होती. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. मग दुसरी धरली, तिसरी धरली. सगळ्यांच्या अंगावर चुन्याचा पातळ पांढरा थर होता.

“मारुतीराव, अळी पाला खाते तेव्हा तिच्या पातळ कातडीतून पोटातला पाला हिरवा दिसतो. शाळेतली मुलंही ते ओळखतात. ह्यांच्या पोटात काहीच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे ह्या पानानं मेलेल्या नाहीत. मरायच्या आधी ह्यांनी पान खाल्लेलंच नाही.”

२

गुणाबाई काजूच्या झाडाखाली बसली होती. पन्नाशीची, काटक बाई. कालपासून तिला कुणी शेडकडे फिरकू दिलं नव्हतं आणि घरी जा असंही म्हटलं नव्हतं.

“मिसरी लावतेस?” गुरुजींनी विचारलं.

“लावते. खोटं कशाला बोलू? पण शेडात पाय ठेवायच्या आधी कोपरापातूर साबणानं हात धुते. निशाबाईंनीच शिकवलंय. सहा वर्सं झाली, एक अळी माझ्या हातानं मेली न्हाय.”

“रविवारी रात्री पाला किती वाजता घातलास?”

गुणाबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना.

“पाला? झोपल्या हुत्या की त्या, गुरुजी! आईतवारी दुपारीच सगळ्या झोपल्या. चौथी झोप, मोठी झोप. झोपलेल्याला कोण वाढतंय व्हय?”

गुरुजी तिच्याशेजारी दगडावर बसले. हे त्यांनी मुलांना शेकडो वेळा सांगितलं होतं. अळी वाढते, पण तिची कातडी वाढत नाही. म्हणून ती चार वेळा खाणं थांबवते, मान वर करून निश्चल राहते आणि जुनी कात टाकून नवी घेऊन उठते. ह्या काळात पान द्यायचं नसतं. ट्रे कोरडा राहावा म्हणून वरून चुन्याची भुकटी चाळायची असते.

“म्हणजे तू रविवारी संध्याकाळी चुना टाकलास.”

“टाकला. पदर नाकाला बांधून, चाळणीनं.”

“चुन्याचा डबा कुठं असतो?”

“बाईंच्या कपाटात. शनवारी निपाणीला जाताना त्यांनीच काढून दिला. म्हणाल्या, झोपल्या की टाक गं, मी सोमवारी नऊला येते.”

“मला तो डबा दाखव.”

डबा शेडच्या ओसरीवर पालथा घातलेला होता. आतून लख्ख. गुणाबाई त्याच्याकडे बघतच राहिली.

“हा कुणी धुतला? अर्ध्याच्या वर चुना होता ह्यात. आणि चुन्याचा डबा कधी धुतात व्हय?”

गुरुजींनी वेगळंच विचारलं. “सात नंबरच्या अळ्या तू ओळखतेस कशा? तुला वाचता येत नाही ना?”

“दोऱ्यावरनं. सात नंबरच्या ट्रेला तांबडा दोरा, साध्या अळ्यांना पांढरा. खोटं सांगत न्हाय, एकदा चुकलंयबी माझं.” ती थांबली. “पण बाईंनी कुणाला सांगू नको म्हणलंय.”

“आता सांग.”

“दिवाळीच्या पिकाला ट्रे धुतल्यावर दोन दोरे उलटे बांधले मी. तांबडा पांढऱ्याला, पांढरा तांबड्याला. कोष वजनाला लावले तवा ध्यानात आलं. ट्रे मला ओळखू येतात, एकाचा कोपरा चेपलेला हाय.”

“मग वजन कशाचं जास्त भरलं?”

“तांबड्या दोऱ्याचंच.”

“म्हणजे साध्या अळ्यांचं? दोरा तांबडा, पण आत साध्या?”

“व्हय. त्याच मोठ्या झाल्या. आन खऱ्या सात नंबरच्या राहिल्या साध्यासारख्या. मी आपणहून बाईंना सांगितलं, बाई चूक झाली. त्या पांढऱ्याफटक पडल्या. मग लई ओरडल्या.”

“तांबड्या दोऱ्याच्या अळ्यांना वेगळं काही मिळत होतं?”

“मोठी झोप झाली की बाई स्वतः पानांवर टानिक मारायच्या. तांबड्यालाच. मला हात लावू देत नव्हत्या.”

तिनं किती मोठी गोष्ट सांगितली हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. गुरुजींना ठाऊक झालं होतं, आणि त्यांना ते ठाऊक व्हायला नको होतं. निशा मगदूम त्यांची विद्यार्थिनी होती. छत्तीस वर्षांतली सगळ्यात हुशार.

“सोमवारी सकाळी तुझ्या टोपलीत पानं होती का? एक-दोन तरी?”

तिनं जाळीच्या घराकडे चोरून पाहिलं.

“टोपलीचं मला इचारू नका, गुरुजी. दुसऱ्याच्या पोटावर पाय येईल.”

३

जाळीच्या घरात रवळू ऐनाच्या फांद्या पाण्यात उभ्या करत होता. खानापूरकडच्या रानात वाढलेला माणूस. रानटी अळ्या आणि त्यांचा पाला आणण्याचं काम त्याचं. त्याच्या फांद्यांवरच्या बोटाएवढ्या हिरव्या अळ्या मजेत खात होत्या. महिनाअखेर तुझं काम संपलं, असं निशानं त्याला गेल्या आठवड्यात सांगितलं होतं आणि त्यावरून दोघांचं भांडणही झालं होतं. कमरेला तंबाखूचा बटवा, त्यात चुन्याची डबी.

“माझ्यावर आळ घ्यायला आलासा?” रवळू वर न बघता म्हणाला. “पाळीव मेल्या, रानटी जगल्या. तंबाखू माझ्या कमरेला. सरळ हिशेब हाय.”

“हिशेब सरळ असता तर अहवालात तुझं नाव असतं. रविवारी कुठं होतास?”

“इथंच.”

“अंघोळीचा साबण मागायला तू रविवारी आला नाहीस, असं तुतीला पाणी पाजणारा भरमू म्हणतो.”

“भरमू काय, उगं बडबडतोय.”

गुरुजींनी वाद घातला नाही. शेडमधून त्यांनी कागदाच्या पुडीत थोडा चुना आणला होता, मेलेल्या अळ्यांच्या अंगावरचा. त्यांनी तो रवळूच्या तळहातावर ठेवला. “तू ह्यातला जाणकार. पाण्याचा थेंब टाक आणि मळून बघ.”

रवळूनं अंगठ्यानं मळलं, नाकाशी नेलं, आणि त्याचे डोळे मोठे झाले.

“ह्यात तंबाखू हाय की! दळलेली, पिठागत. लई कडक माल, निपाणीकडचा.”

“गुणाबाईच्या मिसरीसारखा?”

“छ्या! मिसरी भाजलेली असती, काळी. तिचा वास जळका. ही कच्ची हाय.”

गुरुजींनी मान डोलावली. तंबाखूला चुना का लावतात हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. चुना लागला की तंबाखूतलं विष मोकळं होतं, नुसत्या वाफेनंही ते चढतं. रविवारी संध्याकाळी बंद शेडमध्ये चार हजार झोपलेल्या अळ्यांवर ते चाळणीनं पसरलं होतं. गुणाबाईनंच पसरलं होतं, स्वतःच्या हातांनी, नाकाला पदर बांधून.

“रवळू, मी तुला एकच विचारतो. सोमवारी सकाळी पाल्याची टोपली कुठं होती? तू खोटं बोललास तर गुणाबाई पोलिसांत जाईल.”

रवळूनं हातातली फांदी खाली ठेवली.

“माझ्यासंगं हुती,” तो अखेर म्हणाला. “गुणाक्काच म्हणाली, आज उद्या पाला तोडायचा न्हाय, तुला लागली तर ने. आईतवारी दुपारच्या बसनं मी गावाकडं गेलतो. येताना टोपलीत ऐनाच्या पाल्याखाली शिकेकाई भरून आणली. रानातनं शिकेकाई आणू देत न्हाईत, गार्डनं धरलं तर लफडं. म्हणून गप बसलो. सोमवारी दुपारी बारा वाजता आलतो, टोपली घेऊन.”

“बसमध्ये कुणी पाहिलं?”

“कंडक्टरनं टोपलीचं तिकीट फाडलं की! भांडलो मी त्याच्यासंगं.” त्यानं बटव्यातून चुरगळलेलं तिकीट काढलं. तारीख सोमवारची होती, वेळ सकाळी सव्वादहाची.

गुरुजी केंद्राच्या कचेरीत परत गेले आणि त्यांनी फायलीतला नमुन्याचा कागद पुन्हा वाचला. निशाचं अक्षर त्यांना डोळे मिटूनही ओळखता आलं असतं. ‘सोमवार, सकाळी नऊ वीस. पाल्याच्या टोपलीतून घेतलेली पाने.’

नऊ वीसला टोपली इथून पन्नास किलोमीटरवर होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी निपाणीच्या पुढे कोगनोळीला उतरले. हायवेच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती. नाक्याच्या अलीकडे अतुलचं तंबाखूचं गोदाम होतं. अतुल निशाचा धाकटा भाऊ. शाळेत तो मागच्या बाकावर बसायचा आणि गुरुजींना फार आवडायचा, कारण चुकला तर लगेच कबूल करायचा.

“गुरुजी! कधी आलासा? आधी कळवायचं की, गाडी पाठवली असती.” त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. “आक्काच्या किड्यांचं ऐकलं. रडत होती फोनवर. कोण ती बाई, मिसरीच्या हातानं पाला घालते म्हणे.”

“तुला काय वाटतं?”

“मला काय कळतंय त्यातलं? आमच्या घरात तर ह्या किड्यांवरनं पाच वर्सं महाभारत चाललंय. कोष उकळून जीव मारायचा धंदा म्हणून आईनं रेशमी साडी नेसायची सोडली. मी म्हणतो, आई, आपण जर्दा विकतो ते काय पुण्य हाय? मग माझ्याशीबी बोलत नाही.” तो हसला.

गोदामात पोत्यांच्या थप्प्या होत्या. कोपऱ्यात चाळलेल्या तंबाखूची धूळ साठली होती, बारीक, पिठासारखी. गुरुजींना शिंक आली.

“ह्या धुळीचं काय करतोस?”

“खतात जाती. कुणी कुणी नेतात कीड मारायला. एक्स्पोर्टचा माल न्हाय तो, फुकट देतो.”

“गेल्या पंधरा दिवसांत कुणी नेली?”

“छ्या, आता हंगाम कुठाय? कुणी न्हाय.” अतुल आठवत राहिला. “हां, थोडीशी नेली, डबाभर. गुलाबांवर मावा पडलाय म्हणून.”

“कुणी?”

अतुलनं सहज सांगितलं. चहा आला होता. गुरुजींनी तो हातात घेतला आणि न पिताच परत ठेवला.

“गुरुजी, काय झालं? बरं वाटत न्हाय का?”

“अतुल,” ते म्हणाले, “तुमच्या आक्कानं गुलाब कधी लावले?”

५

निशा प्रयोगशाळेत एकटी होती. पस्तिशीची, सडपातळ, डोळ्यांखाली काळं. गुरुजींना पाहून ती उठून उभी राहिली, शाळेत राहायची तशी.

“सही केलीत का, गुरुजी?”

“आधी तू मला शिकव. मी आता म्हातारा झालो, नवं विज्ञान कळत नाही. तुझं सात नंबरचं काम मला समजावून सांग.”

निशानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग ती सांगू लागली, आणि बोलता बोलता तिचा चेहरा उजळला. अळीच्या डोक्यात एक बारीकशी ग्रंथी असते. ती एक रस सोडते. तो रस असेपर्यंत अळी लहानच राहते, खात राहते. तो आटला की ती कोष बांधते. रानातल्या अळीला घाई असते, पक्षी आहेत, मुंग्या आहेत, पाला वाळतो. तिच्या शरीरात हा रस वेळेवर तोडणारं जनुक चांगलं जोरात काम करतं. माणसानं हजारो वर्षं पाळलेल्या अळीत तेच जनुक मंद झालंय, म्हणून ती जास्त खाते, जास्त रेशीम देते. “हे मी दोन्हीकडे शोधलं, गुरुजी. अक्षर अक्षर ताडून पाहिलं. ते खरं आहे.”

“आणि सात नंबर?”

उजळलेला चेहरा विझला.

“सात नंबरमध्ये ते जनुक आणखी मंद आहे. म्हणून कोष जड.”

“दिवाळीला दोन दोरे बदलले गेले तेव्हा जड कोष जनुकाबरोबर गेला नाही. दोऱ्याबरोबर गेला. ज्याला तू टॉनिक मारलंस, तो वाढला. ते टॉनिक म्हणजे तोच रस ना? बाटलीतला?”

निशानं समोरची वही मिटली.

“बेंगळुरूचे लोक जिवंत अळ्या नेणार होते. तिथे टॉनिक मारायला तू नसतीस. मेलेल्या अळीतून जनुकाची अक्षरं वाचता येतात, पण अळी मोठी झाली असती की नाही हे मेलेली अळी सांगत नाही. म्हणून त्या बुधवारच्या आधी मरायला हव्या होत्या. भावाकडून तू तंबाखूची धूळ आणलीस, चुन्यात मिसळलीस आणि निपाणीला निघून गेलीस. सोमवारी येऊन डबा धुतलास. ट्रे धुवायच्या आत मारुतीरावांनी सील लावलं.”

“पानांत विष सापडलंय, गुरुजी.”

“सापडणारच. तू ती पानं शनिवारीच बागेतून तोडून त्यांना तीच धूळ चोळलीस. टोपलीतली म्हणून लिहिलीस. सोमवारी नऊ वीसला टोपली इथं नव्हती, रवळूबरोबर खानापूरकडे होती. हे बघ तिकीट.” त्यांनी ते टेबलावर ठेवलं. “निशा, टोपली कोपऱ्यात आहे की नाही एवढं तू मान वळवून बघितलं असतंस तर मी तुला पकडू शकलो नसतो. पण तू आधी निष्कर्ष लिहिलास आणि मग प्रयोग केलास. सात नंबरमध्येही तेच केलंस.”

बाहेर कुणीतरी पंप चालू केला. तुतीच्या सरींत पाणी पडू लागलं.

“पहिल्यांदा मुद्दाम नव्हतं,” निशा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “एका ट्रेला रस दिला होता, नुसता तुलनेसाठी. वजन छान आलं. वरच्यांना जनुकं नको होती, वजन हवं होतं. मी तक्त्यात फक्त वरचं शीर्षक बदललं, ‘रस दिलेल्या’च्या जागी ‘सात नंबर’. एक ओळ. मग दर पिकाला ती ओळ खरी करत बसले.”

“आणि गुणाबाई?”

“तिला दोऱ्यांचं माहीत होतं. कधीतरी कुणाजवळ बोलली असती.” निशानं मान वर केली. “तिला दुसरं काम मिळेल, गुरुजी. खुरपणीला जाईल, कुठेही जाईल. मला दुसरं काही येत नाही. पाच वर्षं घरच्यांशी भांडून मी हे केलं.”

“झोपलेल्या अळीला पाला देत नाहीत हे तुला माहीत नव्हतं का?”

“होतं.”

“मग अहवालात पानाचं लिहायची हिंमत कशी झाली?”

निशानं जे उत्तर दिलं ते गुरुजींना पुढे कधीच विसरता आलं नाही.

“कारण हे जिला माहीत आहे, तिला कुणी विचारणार नव्हतं.”

गुरुजींनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं तासभर लिहिलं. एकही शब्द खोडला नाही.

६

मारुतीरावांनी तो कागद दोनदा वाचला, दार लावलं आणि फोनवर पाऊण तास बोलले. बाहेर आले तेव्हा घाम पुसत होते.

“असं ठरलंय, गुरुजी. बाई राजीनामा देतील. अहवालात लिहायचं, अज्ञात रोगानं अळ्या दगावल्या. गुणाबाईचं नाव काढलंय. पोलीस-बिलीस काही नाही.”

“तिचा दोष नव्हता, असं लिहा.”

“तसं लिहिलं तर दोष कुणाचा ते लिहावं लागतं. वरचे साहेब तीन परिषदांत सात नंबरवर बोलून आलेत.”

“आणि तिचं काम?”

“अळ्याच नाहीत तर पाला कशाला? शेड बंद करायचं म्हणतायत.” मारुतीरावांनी नजर चुकवली. “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. गुणाबाई वाचली की.”

गुरुजींनी सही केली नाही. सहीवाचूनही अहवाल गेला.

आठवड्यानं संध्याकाळी ते बेळगुंदीत दुधाच्या डेअरीवर गेले. गावातल्या बाया किटल्या घेऊन रांगेत होत्या. गुणाबाई रांगेच्या शेवटी एकटी उभी होती. तिच्या आणि पुढच्या बाईच्या मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा होती. चार हजार जीव मिसरीच्या हातानं मारले आणि तिच्यापायी शेड बंद पडलं, सहा बायांची कामं गेली, असं गावात झालं होतं.

गुरुजींनी सगळ्यांना थांबवलं आणि सांगायला सुरुवात केली. वर्गात सांगायचे तसं, सावकाश. अळी कशी झोपते, झोपेत कशी खात नाही, चुना कशाला टाकतात. बायांनी शांतपणे ऐकलं. त्यांना ते सगळं आधीच माहीत होतं. मग चुन्यात काय होतं आणि ते कुणी मिसळलं, हेही त्यांनी सांगितलं.

डेअरीवाला दूध मापायचा थांबला.

“गुरुजी,” अक्काताई म्हणाल्या. गावातल्या बचत गटाच्या त्या प्रमुख. “तुमी भले माणूस. कुणाचं वाईट बघवत न्हाय तुमाला. पण निशाबाई एवढ्या शिकलेल्या. दागदर. त्या कशाला खोटं करतील? शिकलेलं माणूस असं करतंय व्हय?”

“करतं, अक्काताई. मी स्वतः...”

“तसं असतं तर आमी पोरींना शाळंत कशाला घातल्या असत्या?” अक्काताईंनी शेजारी उभ्या असलेल्या नातीच्या डोक्यावर हात ठेवला. नात नववीत होती. गुरुजी अळ्या दाखवायला न्यायचे त्या मुलांत तीही असायची, सगळ्यांत पुढे. “निशाबाईंगत व्हायचं म्हणतीया ही. तुमीच बोलला हुता की आमच्या दारात येऊन, शिकवा म्हणून. माणूस शिकलं की खरं-खोटं कळतंय म्हणाला हुता.”

ते म्हणाले होते. ह्या गावात, निपाणीत, चिकोडीत, दारोदार जाऊन म्हणाले होते.

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. गुरुजींनी तोंड उघडलं. निशाचा कागद कचेरीत कुलपात होता, पण तिचा शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. ते आता एकेक करून म्हणायचे, की झालं असतं.

“ऱ्हाऊ द्या, गुरुजी,” गुणाबाई रांगेच्या शेवटून म्हणाली.

“नाही गुणाबाई. तुझं नाव...”

“ऱ्हाऊ द्या म्हणते ना. पोरगी ऐकायलीय.”

रांग पुढे सरकली. गुणाबाईनं आपली किटली मापाला दिली, रिकामी परत घेतली, आणि डेअरीवाल्याला विचारलं, की उद्यमबागेच्या कारखान्यांकडे जाणारी सकाळची पहिली बस किती वाजता असते.